ई-रीडरचा उजेड प्रत्येकाचा वेगळा का?

एकाच ऑर्डरमधून आलेले, एकाच मॉडेलचे दोन ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायची यंत्रं, अंधारात शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींवर कोरं पान उघडा. बहुतेक वेळा ती दोन पानं जुळत नाहीत. एकाचं पान किंचित पिवळसर, दुसऱ्याचं निळसर. एकाच्या खालच्या कडेला उजेडाचे पट्टे, तर दुसऱ्याच्या कोपऱ्यात गुलाबी छटा. किंमत तीच, खोक्यावर छापलेली माहिती तीच, कंपनीही तीच. मग हा फरक येतो कुठून?

आमच्या गुहागरकडच्या वाचनालयात हा प्रश्न पावसाळ्यात हमखास निघतो. कोकणात जून ते सप्टेंबर संध्याकाळी वीज जाणं कुणाला नवीन नाही आणि अशा वेळी वाचायला ई-रीडरइतकं सोयीचं काही नाही. एकदा चार्ज केला की आठवडे चालतो, शिवाय स्वतःचा उजेड घेऊनच येतो. डिसेंबर २०१६ पासून ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं मिळू लागली, तेव्हापासून साठी-सत्तरीतले वाचकही अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून याच्याकडे वळले. पण घरातली ट्यूब गेली, की ई-रीडरच्या उजेडातली प्रत्येक खोट उघडी पडते. दिवसा स्वच्छ वाटलेलं पान रात्री डागाळलेलं निघतं.

एका वाचक बाईंकडे त्यांची भाची गणपतीला आली होती. तिने शेजारी बसून पाहिलं आणि विचारलं, "आत्या, तुझं पान खाली गुलाबी का गं दिसतंय?" आत्या म्हणाल्या, "माझे डोळेच आता तसे झालेत, बाय." डोळे ठीक होते. यंत्रच तसं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण अनेक जण, विशेषतः वयस्कर मंडळी, दोष स्वतःकडे घेतात आणि गप्प बसतात. तेवढ्यात यंत्र बदलून घ्यायची मुदत निघून जाते.

आधी पडदा समजून घेऊ. बाजारातल्या जवळपास सगळ्या ई-रीडरमध्ये, वर नाव कुणाचंही असो, इलेक्ट्रॉनिक शाईचा थर एकाच घराण्यातला असतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ साली ई-इंक ही कंपनी निघाली. २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ती विकत घेतली आणि पुढे स्वतःच ई-इंक हे नाव लावलं. २००४ चा सोनीचा लिब्रिए, २००७ चा पहिला किंडल, आजचे कोबो आणि पॉकेटबुक, या सगळ्यांच्या पोटात तिचाच थर. त्यामुळे अमक्याचा पडदा तमक्यापेक्षा जातीनेच चांगला, या बोलण्यात फारसा दम नाही. खरा फरक पडतो तो त्या थरावर पुढे काय काय चिकटवलं आणि किती नीट चिकटवलं यात.

त्या थरात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे-काळे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. काळ्या आणि पांढऱ्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाशी जातात. नंतर वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत, म्हणून तर बॅटरी इतकी टिकते. कुठल्या ठिपक्याला कधी व्होल्टेज द्यायचं ते सांभाळणारी ट्रान्झिस्टरची जाळी कुप्यांच्या खाली असते. इंचाला ३०० ठिपके असलेल्या सहा इंची स्क्रीनवर आडवे १०७२ आणि उभे १४४८ ठिपके बसतात. एकूण साडेपंधरा लाख. एकेक ठिपका मिलिमीटरच्या साधारण बाराव्या भागाएवढा.

कुप्यांचा थर मोठ्या रोलवर लेप देऊन बनवतात आणि मग कापतात. रोलच्या सगळ्या भागांत लेप तंतोतंत एकसारखा बसणं अवघड. ट्रान्झिस्टरच्या जाळीतही पॅनेलागणिक थोडा फरक राहतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक पॅनेल मोजून त्याला लागणारं एक आधाराचं व्होल्टेज ठरवतात. उणे दोन व्होल्टच्या आसपासचा हा आकडा अनेक पॅनेलांच्या रिबन केबलवर लेबल लावून छापलेलाही असतो. म्हणजे दोन पॅनेल सारखे नसतात हे बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं आणि त्यावरचा उपाय कारखान्यातच केलेला असतो. आकडा नीट बसला नाही तर पांढरा रंग मळकट दिसतो, काळा फिका पडतो, आणि आधीच्या पानावरची अक्षरं नव्या पानामागे पुसट दिसत राहतात.

पुसट अक्षरांचं एक वेगळंही कारण असतं. कणांना वर-खाली करायला किती वेळ आणि कसे झटके द्यायचे याचं कोष्टक यंत्रात भरलेलं असतं आणि ते तापमानानुसार बदलतं. थंडीत द्रव घट्ट होतो, कण सावकाश सरकतात. लडाखमध्ये वाचणाऱ्याला हे जाणवेल. आपल्याकडे हवा इतकी गार होतच नाही, त्यामुळे वेंगुर्ल्यात किंवा दापोलीत कुणाच्या ई-रीडरवर मागची अक्षरं सतत दिसत असतील, तर थंडीला दोष देता येणार नाही. सेटिंगमध्ये 'प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश', म्हणजे जुनं पान पूर्ण पुसून नवं उमटवणं, सुरू करून पाहा. तरीही राहिली तर पॅनेलकडे बोट दाखवायला हरकत नाही.

पण लोकांच्या तक्रारी बघितल्या तर पडद्यापेक्षा दिव्याच्या जास्त असतात, आणि ते साहजिक आहे. ई-रीडरचा दिवा हे या यंत्रातलं सगळ्यात कठीण काम आहे, असं माझं मत.

मोबाइलशी तुलना केली की ते कळतं. मोबाइल किंवा टीव्हीच्या एलसीडी पडद्यात दिवा मागे असतो. त्याच्यापुढे उजेड विखरणाऱ्या पारभासक पट्ट्या घालता येतात. उजेड कुठे जास्त, कुठे कमी पडला, तरी त्या पट्ट्यांतून गाळून तो बराचसा सारखा होतो. इलेक्ट्रॉनिक शाईतून उजेड आरपार जात नाही. कागदावर पडावा तसा तो वरूनच पडावा लागतो. म्हणून दिव्याचा थर वाचणाऱ्याचे डोळे आणि अक्षरं यांच्या मधोमध येतो. तिथे विखरणारी पट्टी घातली तर अक्षरंच धूसर होतील. उजेड सारखा करायचं जे सोपं साधन मोबाइलवाल्यांकडे आहे, तेच ई-रीडरवाल्यांना वापरता येत नाही.

त्यावर काढलेली युक्ती अशी. पडद्यावर मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवतात. बहुतेक यंत्रांत त्याच्या खालच्या किंवा बाजूच्या कडेला, चौकटीच्या आड, बारीक एलईडी दिव्यांची रांग असते. उजेड कडेतून पत्र्यात शिरतो आणि आतल्या आत आपटत पुढे जातो. प्लास्टिकमधून हवेत बाहेर पडायला किरण पुरेसा उभा असावा लागतो. ॲक्रिलिकच्या बाबतीत लंबापासून साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त कललेला किरण बाहेर न पडता आतच परततो. सगळा उजेड असाच आत राहिला तर पान अंधारातच राहील. म्हणून पत्र्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या खळग्यांची नक्षी असते. किरण खळग्यावर आपटला की दिशा बदलून खाली, पानावर उतरतो. दिव्यांजवळ उजेड भरपूर, तिथे खळगे विरळ. दूरच्या कडेला पोचेपर्यंत उजेड ओसरलेला, तिथे खळगे दाट. हे गणित जमलं की पान वरपासून खालपर्यंत सारखं उजळतं.

आता हे बिघडायला किती जागा आहेत बघा. खळग्यांची खोली साच्याच्या झिजेमुळे जराशी बदलली तर पानाचा एक भाग जास्त उजळतो. एलईडी पत्र्याच्या कडेपासून केसभर दूर किंवा तिरका बसला तर तिथून सावलीचा त्रिकोण सुरू होतो. पत्रा, स्पर्श ओळखणारा थर आणि पडदा हे सगळं पारदर्शक गोंदाने एकमेकांवर चिकटवलेलं असतं. त्या गोंदात हवेचा बुडबुडा अडकला किंवा पत्र्यावर धुळीचा कण बसला, तर जिथे खळगा नको होता तिथेच खळगा झाल्यासारखं होतं. आत धावणारा उजेड त्या कणावर आपटून थेट डोळ्यांकडे येतो. अंधारात दिसणारा टाचणीच्या टोकाएवढा लखलखीत ठिपका तो हाच. दिवा पूर्ण बंद केला की तो नाहीसा होतो. पडद्यातला मेलेला पिक्सेल, म्हणजे कायमचा बंद पडलेला ठिपका, मात्र दिवा असो वा नसो, तसाच दिसतो. दोन्ही दोषांमधला फरक ओळखायची याहून सोपी खूण नाही.

रंगाची भानगड आणखी निराळी. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा लेप. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. निळा एलईडी बनवण्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतकं ते काम अवघड होतं. फॉस्फरचा लेप जरा पातळ झाला की पांढरा निळसर होतो, जाड झाला की पिवळसर. म्हणून कारखान्यात तयार झालेले एलईडी मोजून रंग आणि तेज यांनुसार वेगवेगळ्या गटांत टाकतात. आपल्याकडे हापूसची पेटी भरताना होते तीच ही प्रतवारी. एकाच कलमावरचे आंबे, पण मोठे वेगळे, मध्यम वेगळे, लहान वेगळे, आणि भाव त्याप्रमाणे. अगदी घट्ट प्रतवारीचे एलईडी महाग पडतात, सैल प्रतवारीचे स्वस्त. आणि आंबा बाहेरून उत्तम दिसूनही कापल्यावर साका निघतो, तसे काही दोष पत्रा, गोंद आणि दिवे एकत्र जोडून अंधारात पेटवल्याशिवाय दिसतच नाहीत. सुटा भाग तपासून ते पकडता येत नाहीत.

रंग बदलायला प्लास्टिकसुद्धा हातभार लावतं. पत्र्यातून लांबवर जाताना निळा प्रकाश पिवळ्या-तांबड्यापेक्षा थोडा जास्त शोषला जातो. म्हणून दिव्यांजवळची कड गार आणि दूरची कड उबदार दिसणं काही प्रमाणात अटळ आहे. ज्या मॉडेलांत रात्रीसाठी पिवळसर उजेडाची सोय असते, तिथे पांढरे आणि पिवळे एलईडी एकाआड एक बसवलेले असतात. कडेपासून थोडं आत गेल्यावर दोन्ही रंग मिसळतात, पण अगदी कडेला मिसळायला वाव नसतो. तिथे रंगांची ठिगळं दिसू शकतात.

याला आपल्या डोळ्यांचा स्वभाव येऊन मिळतो. उजेड वरून खालपर्यंत हळूहळू कमी होत गेला तर बऱ्याच फरकाकडेही आपलं लक्ष जात नाही. तोच फरक एखाद्या रेघेवर एकदम झाला तर लगेच खटकतो. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच हे नोंदवलं होतं. रंगाच्या बाबतीत डेव्हिड मॅकॲडम यांनी १९४२ मध्ये मोजून दाखवलं की डोळ्यांना दोन छटा वेगळ्या वाटायला किती फरक लागतो हे रंगागणिक बदलतं. एलईडीच्या प्रतवारीत आजही त्यांच्या नावाचं माप वापरतात. पुस्तकाचं पान तर जवळपास सगळं पांढरं आणि बराच वेळ स्थिर. चित्रपट बघताना जो डाग लक्षातही येणार नाही, तो इथे प्रत्येक पानावर त्याच जागी भेटतो. त्यात रात्री आपण उजेड अगदी कमी ठेवतो. एलईडीला वीज खूप कमी मिळाली की एकाच रांगेतल्या दिव्यांमधला फरक उलट वाढतो. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या खोलीत तक्रारी वाढतात त्या यामुळे. कोकणच्या दमट हवेने उजेडाला डाग पडतात असं काही जण म्हणतात, ते खरं नाही. ओल आत जाऊ नये म्हणून पॅनेलच्या कडा बंद केलेल्या असतात. खाऱ्या हवेचा त्रास होतो तो चार्जिंगच्या पोर्टला, तिथे गंज चढतो. गुलाबी कोपरा किंवा लखलखता ठिपका मात्र कारखान्यातूनच आलेला असतो.

मग कारखाना असा माल बाहेर सोडतो कसा? इथे एक जुना विचार उपयोगी पडतो. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवताना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. बनलेल्या वस्तूंमध्ये फरक राहणारच, पण तो दोन प्रकारचा असतो. एक, पद्धतीतच मुरलेला रोजचा चढउतार. दुसरा, काहीतरी विशेष बिघडल्यामुळे आलेला. पहिल्याला एकेका वस्तूमागे धावून उपयोग नाही, त्यासाठी पद्धतच सुधारावी लागते. दुसऱ्याचं कारण शोधून ते काढून टाकता येतं. पुढे हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी बेल लॅब्ज या तिथल्याच टेलिफोन संशोधनसंस्थेत नमुना तपासणीची कोष्टकं तयार केली. सगळा माल न तपासता काही नग काढायचे, त्यांत ठरलेल्या संख्येपर्यंत खराब निघाले तरी गठ्ठा पास करायचा. आजही जगभर ही पद्धत रूढ आहे.

म्हणजे 'पास' होण्याची रेघ कुणीतरी आखलेली असते. रेघ घट्ट केली की जास्त पॅनेल फेकावे लागतात आणि किंमत वाढते. सैल केली की गुलाबी कोपरे घरोघर पोचतात. माझी खरी तक्रार इथे आहे. खोक्यावर इंचाला किती ठिपके ते छापतात, एलईडी किती तेही मिरवतात. पण पानाच्या सगळ्यात उजळ आणि सगळ्यात मंद भागात जास्तीत जास्त किती फरक चालवून घेतला आहे, हे छापत नाहीत. ते मोजता येतं. पडद्यावर ठरावीक जागी मीटर ठेवून उजेड मोजायचा आणि सगळ्यात कमी आकड्याला सगळ्यात जास्त आकड्याने भागायचं, इतकंच. हा एक आकडा छापला तर ग्राहकाला आपण कशाचे पैसे देतोय ते कळेल, आणि आत्यांसारख्यांना स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यावा लागणार नाही.

शूहार्ट यांचा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, याची दोन चांगली उदाहरणं आहेत. २०१२ मध्ये किंडलचं पेपरव्हाइट हे मॉडेल पहिल्यांदा आलं, त्यात खालच्या कडेला चार एलईडी होते. चार दिव्यांच्या मधे खाली सावल्या पडायच्या आणि त्या जवळपास सगळ्याच नगांत होत्या. ॲमेझॉनने तेव्हा विक्रीच्या पानावरच लिहून टाकलं की खालच्या भागात उजेड पूर्ण सारखा नाही आणि हे स्वाभाविक आहे. हा पद्धतीतला फरक. तो रचना बदलूनच कमी झाला. २०१८ च्या पेपरव्हाइटमध्ये पाच एलईडी होते, २०२१ च्या मॉडेलमध्ये पांढरे-पिवळे मिळून सतरा. दिवे जवळजवळ आले की मधल्या सावल्या मिटतात. दुसरं उदाहरण २०२४ च्या रंगीत किंडलचं. विक्री सुरू होताच काही ग्राहकांना पानाच्या तळाशी पिवळा पट्टा दिसू लागला. कंपनीने ते मान्य केलं, बदलून किंवा पैसे परत द्यायची तयारी दाखवली आणि पुढच्या नगांत दुरुस्ती करू असं सांगितलं. हा विशेष बिघाड. कारण सापडलं तर काढता येतं.

रंगीत पडद्यांबद्दल इतकंच सांगतो की त्यांत शाईच्या थरावर रंगीत गाळणी असते, त्यामुळे पान मुळातच काळपट दिसतं. त्यात रंगीत चित्र इंचाला १५० ठिपक्यांवर येतं, काळी अक्षरं ३०० वर. अंधुकपणा घालवायला दिवा सतत लावावा लागतो, म्हणजे दिव्याचे दोषही सतत डोळ्यांसमोर. ज्याला कथा-कादंबऱ्याच वाचायच्या आहेत त्याने साधा काळा-पांढरा घ्यावा.

मराठी वाचकाला एक जास्तीची डोकेदुखी आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर आणि खाली बारीक खुणांची दाटी असते. एकटा मेलेला पिक्सेल इतका लहान की वाचताना जाणवत नाही. पण थरांमध्ये चार-पाच ठिपक्यांएवढा काळा कण अडकला आणि नेमका शिरोरेघेच्या वर आला, तर तो अनुस्वार वाटतो. 'आबा' वाचता वाचता 'आंबा' होतो. आमच्या एका वाचकाच्या यंत्रात असा कण होता. पान उलटलं की तो दुसऱ्याच अक्षरावर बसायचा आणि ते गृहस्थ छपाईच्या चुका मोजत बसले होते. इंग्रजी वाचणाऱ्याला असा कण एवढा नडत नाही. तक्रार करताना हे सांगायला संकोचू नका.

नवा ई-रीडर घरी आला की त्याच संध्याकाळी तपासावा. दिवे मालवा, डोळ्यांना थोडं अंधाराला सरावू द्या, पुस्तकातलं एखादं जवळपास कोरं पान उघडा. उजेड आधी पूर्ण वाढवून आणि मग रात्री वाचताना ठेवता तेवढा कमी करून पाहा. पिवळसर उजेडाची सोय असेल तर ती शून्यावर ठेवून एकदा आणि पूर्ण करून एकदा. मग यंत्र उलटं धरा, वरची बाजू खाली. गुलाबी डाग यंत्राबरोबर वर गेला तर तो पडद्यातला. तो खालीच राहिला तर खोलीतल्या कशाचा तरी रंग पडतोय किंवा बघण्याचा कोन तसा आहे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं दाखवायची सोय असेल तर तीही लावा, लखलखते ठिपके तिच्यात लगेच सापडतात. काळ्या कणांसाठी मात्र दिवा बंद करून दिवसाउजेडी पांढरं पान बघायचं.

कशाला दोष म्हणायचं आणि काय सोडून द्यायचं? वरपासून खालपर्यंत हळूहळू बदलणारी छटा जवळपास प्रत्येक नगात थोडीफार असते. ती बदलायला पाठवलीत तर दुसरा नग वेगळी छटा घेऊन येईल, कदाचित जास्त वाईट. वाचताना दहा पानांनंतर जे विसरायला होतं ते ठेवून द्यावं. पण अक्षरांच्या भागात ठळक रेघ, लखलखता ठिपका, अनुस्वारासारखा काळा कण, किंवा अर्धं पान एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या, हे सहन करायचं कारण नाही. पूर्ण पैसे मोजलेत.

कोकणात यंत्र बदलून घेणं शहरापेक्षा अवघड जातं, हे मान्य करावंच लागेल. मुंबई-पुण्यात माणूस दारात येऊन पार्सल घेऊन जातो. आमच्या एका वाचकाला त्यांच्या पिनकोडवर 'पिकअप उपलब्ध नाही' असं उत्तर आलं आणि पार्सल चिपळूणला नेऊन स्वतःच्या खर्चाने पाठवावं लागलं. घाटात दरड पडली की पार्सल आणखी रेंगाळतं आणि दिवस मात्र मोजले जात असतात. म्हणून यंत्र हातात पडताच तपासायचं आणि डाग दिसला की त्याच रात्री तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. मुदत संपायच्या आत तक्रार नोंदवलेली असणं महत्त्वाचं. चाकरमानी नातेवाइकांकडून मागवत असाल तर तपासणी त्यांनाच मुंबईत करायला सांगा. परदेशातून कुणी आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, ते घेण्याआधी विचारून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'दोष' याची व्याख्या रुंद आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे जो दर्जा राखायला हवा, त्यातली कुठलीही उणीव त्यात येते. अडचण एवढीच की उजेड किती सारखा असेल याचा दावा खोक्यावर नसतोच, त्यामुळे हलक्या छटेवरून भांडणं कठीण. ठळक रेघ किंवा कण याबाबत मात्र बाजू भक्कम राहते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथून काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि विक्रेता कुठलाही असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. रत्नागिरीच्या माणसाला बंगळुरूला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही.

तक्रारीबरोबर फोटो मागतात आणि तिथे बरीच मंडळी अडकतात. पूर्ण अंधारात काढलेला फोटो डाग भडक करतो, कारण मोबाइलचा कॅमेरा उजेड आणि रंग आपल्या मनाने वाढवतो. असा फोटो बघून समोरचा म्हणतो की हा कॅमेऱ्याचा दोष. त्यापेक्षा खोलीत दूर एक मंद दिवा ठेवा, ई-रीडरच्या शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा आणि दोन्ही एकाच फोटोत घ्या. मग यंत्र उलटं करून दुसरा फोटो. डाग यंत्राबरोबर फिरलेला दोन्ही फोटोंत दिसला की कॅमेऱ्याचा प्रश्न निकालात निघतो. मजकुरात 'स्क्रीन खराब आहे' एवढंच लिहू नका. 'पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, खालून तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे एक काळा कण आहे, तो दिवा बंद असतानाही दिसतो, प्रत्येक पानावर त्याच जागी राहतो आणि मराठी अक्षरांवर अनुस्वारासारखा वाचला जातो' असं जागेसकट लिहा. बिलाची प्रत जोडा. आणि खोका, आतला पुठ्ठा, प्लास्टिक हे सगळं मुदत संपेपर्यंत कोरड्या जागी जपून ठेवा. पावसाळ्यात माळ्यावर टाकलेला पुठ्ठा ओल धरून मऊ पडतो, आणि तशा खोक्यात घालून परत पाठवलेल्या पडद्याची काच वाटेत फुटली तर नवा वाद उभा राहतो.